बाकावर न बसणाऱ्या मुली

माझ्या दवाखान्यात पेशंटांसाठी दोन लाकडी बाकं आहेत. एक दाराशी, एक खिडकीखाली. सकाळी साडेदहाच्या सुमारास दोन्ही गच्च भरलेली असतात, बारा वाजायला आले की जरा सैल होतात. अशा वेळी बाकावर जागा असूनही जी मुलगी भिंतीला टेकून, एका पायावर भार देऊन उभी असते, तिला मी नंबर सोडून आत घेते. आमच्या मावशी एकवीस वर्षं माझ्याजवळ आहेत, त्यांना हे आता सांगावं लागत नाही. दार किलकिलं करून त्या म्हणतात, "बाई, एक उभी हाय." बाकीच्या बायका कुरकुरतात. "आमी नऊपासनं बसलोय की ओ!" त्यावर मावशींचं उत्तर ठरलेलं असतं. "तुमी बसलाय न्हवं? तिला बसाला येत न्हाई."

संपादकांनी यंदा 'डॉक्टरकीतलं काहीतरी लिहा' म्हणून निरोप दिला, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा बाळंतपणाच्या गोष्टी असणार. मध्यरात्रीचा पाऊस, बंद पडलेली जीप, कंदिलाच्या उजेडात जन्मलेलं बाळ. तसल्या गोष्टी माझ्याजवळ आहेत, पण त्या सगळेच डॉक्टर लिहितात आणि त्यात डॉक्टर नेहमी चांगला दिसतो. मला या उभ्या राहणाऱ्या मुलींबद्दल लिहायचं होतं. हा विषय दिवाळी अंकात शोभेल का, हा प्रश्न माझ्याही मनात आला. पण दिवाळी अंक घरात महिनाभर पडलेला असतो, दुपारच्या वेळी आई वाचते, मग लेक वाचते, सुट्टीला आलेली भाची वाचते. डॉक्टरकडे यायला ज्या चार-चार महिने लावतात, त्यांच्यापर्यंत पोचायला याहून बरी जागा मला सुचत नाही.

या मुली आत येतात आणि खुर्चीच्या कडेवर एका मांडीने टेकतात, किंवा टेकतही नाहीत. 'काय होतंय?' म्हटलं की आधी आईकडे बघतात. मराठी घरातली मुलगी म्हणते, "खाली गळू झालंय." कन्नड घरातली म्हणते, "केळग कुरु आग्येती." इंग्रजी शाळेत शिकलेली 'डाउन देअर' म्हणते. म्हणजे तिन्ही भाषांत खालीच. त्या खालच्या मुलखाला नाव नाही. 'अवघड जागेचं दुखणं' ही म्हण आपल्याकडे घरोघर आहे, पण ती जागा कुठली हे विचारलं तर घर गप्प होतं.

तेव्हा आधी जागा सांगून टाकते. योनिमार्गाच्या तोंडाशी, दोन्ही अंगांना, घड्याळाच्या तबकडीवर चार आणि आठचे आकडे असतात त्या ठिकाणी, वाटाण्याएवढ्या दोन ग्रंथी असतात. निरोगी असताना त्या हाताला लागतसुद्धा नाहीत. ओलावा राखणं हे त्यांचं काम. प्रत्येकीतून दोन-अडीच सेंटिमीटर लांबीची बारीक नळी निघते आणि तोंडाशी उघडते. त्या नळीचं तोंड काही कारणाने बुजलं की आतला स्राव साठून गाठ होते. नुसती गाठ फारशी दुखत नाही, कित्येकींना तिचा पत्ताही नसतो. पण त्या साठलेल्या पाण्यात जंतू शिरले की दोन-तीन दिवसांत लिंबाएवढं गळू होतं. लाल, तट्ट फुगलेलं, एकाच बाजूला. मग चालता येत नाही, बसता येत नाही, कधी थंडी वाजून ताप येतो. वैद्यकाच्या पुस्तकांत असा अंदाज असतो की शंभरातल्या दोन बायकांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो, आणि तो जास्त करून विशी-तिशीत. म्हणजे नेमका ज्या वयात मुलींची लग्नं जमत असतात, त्या वयात.

या ग्रंथींना 'बार्थोलिन ग्रंथी' म्हणतात. कोपनहेगनच्या कास्पर बार्थोलिन नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने 1677 साली त्यांचं वर्णन केलं. तेव्हा तो जेमतेम बाविशीतला होता. आजोबा शरीरशास्त्रज्ञ, वडील शरीरशास्त्रज्ञ. घराण्यातच तो धंदा. बाविशीतल्या एका पोराचं नाव या जागेला लागून साडेतीनशे वर्षं होत आली, आणि बाविशीतल्या मुलीला स्वतःच्या या अवयवासाठी 'खाली' यापलीकडे शब्द नाही, याची मला कधी गंमत वाटते आणि कधी वाटत नाही.

आता माझी चूक सांगते. 1986 सालचा पावसाळा. मी एका मोठ्या रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होते. वय सत्तावीस, आत्मविश्वास भरपूर. वडगाव भागातली एक एकोणीस वर्षांची मुलगी आली. घरात दोन यंत्रमाग, ही दिवसभर बसून कांड्या भरायची. तिचं नाव इथं लिहीत नाही, आणि जे तपशील ओळख सांगतील ते बदलले आहेत. उजव्या बाजूला मोठं गळू. मी जागेपुरती भूल दिली, टोकावर सुरीने छेद घेतला, पू काढला, आत गॉजची वात सोडली. असं गळू फोडल्यावर पेशंटचा चेहरा क्षणात बदलतो. वेदनेने आवळलेले ओठ सैल होतात. डॉक्टरला त्या वेळी फार मोठं काम केल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं. तिसऱ्या दिवशी ती घरी गेली.

साडेतीन महिन्यांनी ती परत आली. तीच बाजू, तेच गळू. या वेळी माझ्या बरोबरीच्या डॉक्टरने फोडलं. पुढच्या खेपेला, पुन्हा तिसऱ्यांदा, ती माझ्याच वाट्याला आली. तुळशीचं लग्न झाल्यावर तिचं लग्न ठरलेलं होतं, आत्याच्या मुलाशी. आपल्या या भागात आत्याच्या-मामाच्या घरात मुलगी देण्याची चाल आहेच. बरोबर आई होती आणि आत्याही होती. होणारी सासू म्हणून आलेली नव्हती, भावाची पोर आजारी म्हणून डबा घेऊन आलेली होती.

आमच्या वाचनात तेव्हा जी जुनी पुस्तकं होती, त्यांत या गळवाचं पहिलं कारण म्हणून परम्याचे जंतू दिलेले असत. ते डोक्यात पक्कं बसलेलं होतं. कॉटभोवती हिरवा पडदा ओढला, आणि वॉर्डात जसं बोलायची सवय लागलेली असते तशा आवाजात मी विचारलं, "लग्न झालेलं नाही ना? मग कुणाशी संबंध आलाय का? खरं सांग. हे असं उगाच पुन्हा पुन्हा होत नाही."

पडदा म्हणजे काही भिंत नव्हे. तिने मान हलवून नाही म्हटलं. मी पुवाचा नमुना तपासायला घेतला, रक्त घेतलं. रक्त कशासाठी, म्हणून आत्याने बाहेर कुणाला तरी विचारलं असावं आणि कुणीतरी 'गुप्तरोगासाठी' असं सांगितलं असावं. तिसऱ्या दिवशी ती घरी गेली. पाचव्या दिवशी पुवाचा रिपोर्ट आला. परम्याचे जंतू नव्हतेच. 'एश्चेरिशिया कोलाय' निघाले, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या आतड्यात मुक्कामाला असणारे जंतू. तुमच्या, माझ्या, त्या आत्याच्याही. रक्ताचा रिपोर्टही निर्दोष होता. दोन्ही कागद मी वाचले आणि फायलीत लावून टाकले. फायलीवर पत्ता होता. सिटी बसने अर्ध्या तासाची वाट. मी गेले नाही.

आज हे सगळ्यांना ठाऊक आहे की या गळवाच्या पुवात जंतू सापडले तर बहुतेक वेळा ते हेच, आतड्यातले असतात. कधी त्वचेवरचे असतात. पुष्कळदा पुवातून काहीच उगवत नाही. परमा किंवा तत्सम संसर्ग काहींना असतो, म्हणून तपासणी करावी लागते, तीही अवश्य. पण लग्न न झालेल्या, कुणाच्या वाऱ्यालाही न गेलेल्या मुलीला हे गळू होऊ शकतं. आणि 'अस्वच्छ राहते म्हणून झालं' हेही खरं नव्हे. दोनदा अंघोळ करणाऱ्या मुलींना मी हे झालेलं पाहिलं आहे. नळीचं तोंड बुजायला साबण कमी पडावा लागत नाही.

'उगाच पुन्हा पुन्हा होत नाही' हे माझं वाक्य मात्र एका अर्थाने बरोबर होतं. पुन्हा होण्याला कारण असतं. ते कारण आम्हीच होतो. नुसता छेद घेऊन पू काढला की वरची कातडी आठ दिवसांत मिटते. आतली नळी बुजलेली ती बुजलेलीच राहते. मग पुन्हा पाणी साठतं, पुन्हा जंतू येतात. मुलीला वाटतं आपल्यातच काही दोष आहे, आईला वाटतं नजर लागली, आणि डॉक्टर मात्र दर वेळी गळू फोडून समाधानाने हात धुतो.

1989 साली मी टिळकवाडीत भाड्याच्या दोन खोल्यांत दवाखाना थाटला. पाच-सहा महिने झाले असतील. एका दुपारी बाहेर एकच पेशंट होती आणि ती उभी होती. तिनेच विचारलं, "मला वळखलासा काय ओ बाई?"

मी ओळखलं. एकटीच आली होती, बसमधूनही उभीच. चौथी खेप. मधल्या एका खेपेला घरच्यांनी दवाखान्यात न नेता गावठी उपाय म्हणून बिब्बा लावला होता, त्याचा काळा व्रण मांडीपर्यंत उतरलेला होता. (बिब्बा हातापायाला लावला तरी भाजतो. तिथल्या नाजूक कातडीला लावायची बुद्धी कुणाला होते, हे मला अजून कळलेलं नाही. पण होते, आणि दरवर्षी एखादी तरी येते.) मी लग्नाचं विचारलं.

"मोडलं की. आत्या म्हणाली, नासकी पोरगी नको." तिने हे अगदी सपाट आवाजात सांगितलं. मग म्हणाली, "माझ्यात काय दोष हाय ते तरी सांगा ओ. सगळी बोलतात, सांगत कोन न्हाई."

मी तिला कागदावर चित्र काढून दाखवलं. ग्रंथी, नळी, नळीचं तोंड. तीन वर्षांपूर्वी आलेले ते दोन रिपोर्टही सांगितले. ती चित्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग ह्ये तवा का सांगिटला न्हाईसा?"

उत्तर मला देता आलं नाही. आता लिहायला बसल्यावरही ते जमत नाही. फायलीवर पत्ता होता, एवढंच पुन्हा लिहू शकते.

तिच्यावर जी शस्त्रक्रिया केली तिचं नाव 'मार्सुपियलायझेशन' असं लांबलचक आहे. कांगारूच्या पिशवीवरून हे नाव पडलं. काम मात्र साधं आहे. आतल्या बाजूने, नळीचं मूळ तोंड असतं त्याच्या जवळ, दीड-दोन सेंटिमीटरचा छेद घ्यायचा, पोकळी रिकामी करायची, आणि मग त्या पोकळीच्या अस्तराची कड बाहेर मुडपून भोवतालच्या त्वचेला टाक्यांनी शिवून टाकायची. टाके आपोआप विरघळतात. म्हणजे जखमेच्या दोन कडा एकमेकींना भेटतच नाहीत, तोंड उघडं राहतं, आणि काही आठवड्यांत ते आक्रसून बारीकसं नवं दार तयार होतं. ग्रंथी जागच्या जागी राहते, तिचं काम करत राहते. मी हे तिला समजावत होते, तर तीच म्हणाली, "म्हंजे काज कराचं की." लग्न मोडल्यावर ती शिवणाच्या क्लासला जात होती. नुसतं कापड कापलं तर धागे सुटतात. काजाची कड दोऱ्याने बांधून घेतली की भोक तसंच राहतं. गेली पस्तीसहून अधिक वर्षं मी प्रत्येक पेशंटला हीच उपमा देते, आणि ती माझी नाही.

एका मैत्रिणीच्या नर्सिंग होममध्ये कमरेत इंजेक्शन देऊन ते काज केलं. घरी कोमट पाण्याच्या टबात दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं बसायला सांगितलं. टब नव्हताच, तिने कपडे भिजवायची पसरट घमेली वापरली, ती चालते. पुढची दोन वर्षं ती अधूनमधून दाखवायला येत होती. गळू पुन्हा झालं नाही.

पण गोष्ट तिथं संपली नाही. टाके विरघळल्यावर ती आली आणि म्हणाली, "बाई, ह्ये लिहून द्या. एक मराठीत, एक कन्नडात." तिच्यासाठी बैलहोंगलकडचं एक स्थळ आलं होतं, कन्नड बोलणाऱ्या घरातलं. दाखवणार होतीस का, म्हटलं तर म्हणाली, "न्हाई, जवळ असू दे."

मराठीतली चिठ्ठी मी लगेच लिहिली. ग्रंथीचं तोंड बुजून गळू झालं होतं. पू तपासला, साधे जंतू निघाले. रक्ताची तपासणी निर्दोष. मूल होण्यास यामुळे कोणतीही अडचण नाही. आणि शेवटी, जरा जोर देऊन, 'या आजाराचा वर्तणुकीशी काहीही संबंध नाही.' कन्नड मी बाजारापुरतं आणि दवाखान्यापुरतं बोलते, लिहायला तेव्हा येत नव्हतं. शेजारच्या कन्नड शाळेतल्या बाईंकडे गेले आणि पेशंटचं नाव न सांगता मजकूर लिहून घेतला. 'ग्रंथी'ला कन्नडात काय म्हणतात म्हणून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ग्रंथी." सीमाभागात राहून एका शब्दावर तरी दोन्ही भाषांचं एकमत झालं, याचा आम्हा दोघींना आनंद झाला. पुढे त्यांच्याकडूनच मी लिपी शिकले. माझं कन्नड अक्षर अजून पहिलीतल्या मुलासारखं आहे, पण वाचता येतं, असं पेशंट सांगतात.

ती चिठ्ठी मग माझी पद्धतच झाली. पण त्यातलं शेवटचं वाक्य मी 2001 साली काढून टाकलं. झालं असं की लग्नाला आठ महिने झालेली एक बावीस वर्षांची सून आली. तिच्या पुवात खरोखरच परम्याचे जंतू निघाले. तिला ते नवऱ्याकडून आले होते, हे त्याला बोलावून विचारल्यावर त्यानेच कबूल केलं. दोघांनाही औषध दिलं. त्याला ते घ्यायला लावणं हे तिच्या शस्त्रक्रियेपेक्षा अवघड काम होतं. तिच्या सासूला माझी चिठ्ठी माहीत होती, शेजारच्या कुणाकडे तरी पाहिली होती. "आमच्या सुनेलाबी तसला कागद द्या," म्हणून तीही आली. मी पेन हातात घेऊन बसले. ते वाक्य हिच्यासाठी लिहिलं तरी खोटं नव्हतं. पण यापुढे तपासणीत काय निघालं ते पाहून ते कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे मी ठरवणार होते काय? आणि ज्या मुलीच्या चिठ्ठीवर ते वाक्य नसेल, तिचं काय? बारा वर्षं मी मुलींना चारित्र्याचे दाखले वाटत होते आणि त्याचा मला अभिमान होता. तेव्हापासून चिठ्ठीत फक्त आजार लिहिते. प्रश्न विचारायचे असतात ते आजही विचारते, सगळे विचारते. पण दार लावून, खालच्या आवाजात, आणि आईला बाहेर पाठवून. आया रागावतात. "माज्यासमोर विचारा की, माजी पोर हाय." मावशी त्यांना चहाला घेऊन जातात.

काज केलं म्हणजे कायमची सुटका, असंही मी कुणाला सांगत नाही. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी दोन उपचारांची तुलना करून 2017 साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वर्षभरात दहातल्या सुमारे एकीला, दोन्ही उपचारांनंतर, त्रास पुन्हा झालेला आढळला. त्यातला दुसरा उपचार म्हणजे फुग्याची नळी. ही कल्पना अमेरिकेतल्या ब्यूफर्ड वर्ड नावाच्या डॉक्टरांची. 1964 साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. त्यांच्या आडनावाचा अर्थ 'शब्द', हा योगायोग मला आवडतो. जागेपुरती भूल देऊन बारीक छेद घ्यायचा, पू काढायचा, टोकाशी छोटा फुगा असलेली आखूड नळी आत सरकवायची आणि सुईने तीनेक मिलिलिटर पाणी भरून फुगा फुगवायचा. चार ते सहा आठवडे ती आत राहिली की तिच्याभोवती नवी वाट तयार होते. पेशंट त्याच दिवशी चालत घरी. आपल्याकडे ही खास नळी सहज मिळायची नाही, तेव्हा लहान मुलांच्या लघवीची नळी, आठ नंबरची, कापून आणि टोक बांधून आम्ही काम भागवत असू.

2019 साली खानापूर तालुक्यातली एक इंजिनिअरिंगची मुलगी आली. हॉस्टेलवर राहणारी, हुशार. वर्षभरात पाच वेळा औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून खाल्लेल्या. मोबाइलवर इतकं वाचून आली होती की 'बार्थोलिन' हा उच्चार तिनेच मला दुरुस्त करून दिला. गोळ्यांनी पिकण्याच्या आधीची सूज कधी दबते, पण एकदा पू धरला की तो बाहेर यावाच लागतो. आणि तो नीट निघाला, ताप नसला, भोवतालची कातडी लाल झालेली नसली, तर कित्येकदा गोळ्यांची गरजही राहत नाही, हे मात्र तिने वाचलेलं नव्हतं. मी फुगा बसवला. नवव्या दिवशी सकाळी सात वाजता फोन. "मॅडम, फुगा पडला. लेक्चरमध्ये. आता मी काय करू?" फुगा पडतो कधीकधी, तो त्या उपचाराचा खोडकरपणा आहे. वाट उघडी होती, म्हणून पुन्हा बसवला. दुसऱ्यांदा तो तेहतीस दिवस टिकला. तिच्या मैत्रिणींनी त्याचं नाव 'बर्थडे' ठेवलं होतं असं ती म्हणाली. खोलीतल्या तिघींना सगळं माहीत होतं. आईला मात्र काहीच माहीत नव्हतं.

ग्रंथीच काढून टाका, असं कंटाळून म्हणणाऱ्याही असतात. ती वेळ क्वचितच येऊ द्यावी. तिथं रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, रक्तस्राव पुष्कळ होतो, आणि मागे कोरडेपणा किंवा दुखरा व्रण राहू शकतो. विशीतल्या मुलीच्या बाबतीत मी तो निर्णय हातच राखून घेते. वारंवार होत असेल तर रक्तातली साखर पाहते. काखेत आणि जांघेतही तशाच पुळ्या येऊन जात असतील तर तो वेगळाच, त्वचेचा आजार असतो, त्याला नुसतं फोडून भागत नाही. आणि चाळिशीनंतर तिथं पहिल्यांदाच गाठ आली असेल तर तुकडा तपासायला पाठवल्याशिवाय मी सोडत नाही. त्या वयात कर्करोग नाही ना, हे पाहावं लागतं. दुर्मीळ असतो, पण असतो. न दुखणारी छोटी गाठ तरुण मुलीत योगायोगाने सापडली तर तिला हातही लावू नये.

बैलहोंगलचं ते लग्न झालं. चिठ्ठी तिने कुणाला दाखवली की नाही, मला माहीत नाही. तिचं पहिलं बाळंतपण सासरकडच्या दवाखान्यात झालं, दुसऱ्याला ती माझ्याकडे आली. दोन्ही मुलगे. आता ती ब्लाउज शिवते, दोन मशिनी आहेत, असं तिच्या आईकडून कळलं होतं.

आत्या माझ्याकडे आली ती 2003 साली. साठी उलटलेली, अंग बाहेर येत होतं. तिने मला ओळखलं नाही, मी तिला आवाजावरून ओळखलं. तपासलं, शस्त्रक्रियेला तिचं हृदय धड नव्हतं म्हणून रिंग बसवली, कशी काढायची-घालायची ते दाखवलं. दर तीन महिन्यांनी यायची. तिसऱ्या की चौथ्या खेपेला, दोरी बांधलेली पिशवी आवरता आवरता ती म्हणाली, "आमच्या भावाची पोरगी तुमच्याकडंच याची न्हवं? शिवणाचं काम करत्या ती. तिला तवा काय झालेलं ओ?"

सतरा वर्षं मी त्या प्रश्नाची वाट पाहत होते असं म्हटलं तरी चालेल. उत्तर तोंडपाठ होतं, दोन भाषांत. पण ते उत्तर त्या मुलीच्या मालकीचं होतं. पडद्याआडून एकदा तिच्याबद्दल नको तेवढं मोठ्याने बोलून झालं होतं. मी म्हटलं, "कुणाला काय झालं होतं ते मी दुसऱ्याला सांगत नाही. तुम्हाला रिंग बसवलीय हे मी तुमच्या सुनेला सांगितलंय काय?"

"न्हाई," ती म्हणाली.

"पण आजार तुम्हाला सांगते. तिथं ग्रंथी असते. तिचं तोंड बुजलं की गळू होतं. लग्न झालेल्या बाईला होतं, न झालेल्या मुलीला होतं. तुम्हाला एकोणिसाव्या वर्षी झालं असतं, मलाही झालं असतं. नीट औषधपाणी केलं की बरं होतं."

ती माझ्याकडे बघत होती. ओळख लागली की नाही, मला सांगता येणार नाही. मावशींनी पुढच्या पेशंटला हाक मारली. आत्याने पिशवी काखेत घेतली, दारापर्यंत गेली, आणि चिठ्ठीवरच्या गोळ्यांवर बोट ठेवून परत वळली.

"ह्या जेवाच्या आधी घ्याच्या की नंतर?"

"नंतर," मी म्हटलं.